दोन हॉलिस, एक चिठ्ठी

हे लिहिणारच नव्हतो, पण पोटात राहीना.

शनिवारी माझा मित्र हॉलिस घरच्यांबरोबर डोंगराकडे निघाला. वाटेत नॅशव्हिल, गाणाऱ्यांचं शहर. आम्ही दोघांनी मिळून रचलेलं गाणं तिथे गायचंच, असं त्याने ठरवलेलं. जेवायला बारमध्ये शिरल्या शिरल्या त्याने गुपचूप टोपीत नावाची चिठ्ठी टाकली. ज्याचं नाव निघेल, त्याने स्टेजवर जायचं.

शेवटची चिठ्ठी निघाली. "हॉलिस टॅकेट!"

तो ताडकन उठला. शेजारी त्याचे बाबाही उठले. तेही हॉलिस टॅकेटच.

"बाबा, तुम्ही पण?"

"तू पण?"

आईने कपाळावर हात मारला. "नाव ठेवतानाच सांगितलेलं, एका घरात दोन हॉलिस नकोत!"

सगळा बार हसत सुटला. स्टेजवरच्या बाईने चिठ्ठी पुढे केली. "थोरला की धाकटा?"

बाबांचा चष्मा गाडीत राहिलेला. हॉलिसने चिठ्ठी बघितली. मग स्टेजकडे आशेने बघणाऱ्या बाबांकडे बघितलं.

"बाबांचं अक्षर आहे," म्हणाला आणि स्वतःची गिटार त्यांच्या हातात दिली.

बाबा असे गायले की आई खुर्चीवर चढून नाचली.

रविवारी डोंगरावर रेंज मिळाल्या मिळाल्या मला त्याचा फोन. बाबा कसे गायले ते आनंदाने नुसता ओरडून सांगत होता.

"पण आपलं गाणं राहिलं ना," मी म्हटलं. "तुझी चिठ्ठी निघायला हवी होती यार."

त्याने आवाज एकदम खाली आणला. "माझीच निघालेली. ओरडू नकोस, बाबा शेजारीच आहेत. पुढच्या महिन्यात आपण दोघं जाऊ, गाणं होणारच, शब्द देतो. फक्त चिठ्ठी तुझ्या नावाची टाकू."