मागची सीट

नवऱ्याने घरीच बांधलेल्या जायरोप्लेनसाठी, डोक्यावर पंखा फिरणाऱ्या दोन सीटच्या छोट्या विमानासाठी, ती त्याच्या दर वाढदिवसाला काहीतरी आणायची. रेडिओ, दिवे, हीटर, जाडजूड गादी. यंदाचा खोका घेऊन ती शेडमध्ये आली, तर तिने दिलेल्या सगळ्या वस्तू काढून कोपऱ्यात ढीग केलेला.

"माझंच बरं डोळ्यांत खुपलं!"

"अगं, चाकांखाली वजनकाटे ठेवून रिकाम्या विमानाचं वजन केलं. या सामानाने ते इतकं वाढलं होतं, की मी एकटाच कसाबसा उडायचो. दुसरं माणूस घेताच येत नव्हतं."

"आता या वयात तुमच्या मागे कोण बसणार आहे?"

त्याने मागची सीट फडक्याने पुसली आणि नवंकोरं हेल्मेट तिच्यापुढे धरलं.

"घट्ट होतंय का बघ."

हातातला खोका तिने त्याला न देताच त्या ढिगावर ठेवून दिला.