चौथ्या वळणावरचं पाडस

जॅकेटमध्ये गुंडाळलेलं हरणाचं पाडस बाईनं वनचौकीच्या टेबलावर ठेवलं, ते थेट हजेरीच्या वहीवर.

"चौथ्या वळणावर गवतात पडलं होतं. एकटंच. अर्धा तास हाका मारल्या, कुणी आलं नाही."

"हाका कुणाला मारल्यात?" वनरक्षक म्हणाली.

"त्याच्या आईला!" बाईचा नवरा म्हणाला. "मी बिस्किटही देऊन बघितलं."

वनरक्षकेनं पाडसाच्या पोटाला हात लावला. पोट भरलेलं, नाक ओलं, डोळे लख्ख. "याला काहीही झालेलं नाही. तुम्ही उचललंत, तेवढंच झालंय."

वॉकीटॉकीवरून साहेब म्हणाले, "गाडी पाठवतो. पिंजऱ्यात घालून खाली दे."

"नको साहेब. खाली गेलं की ते जन्मभर खालचंच होईल. दिवस मावळेपर्यंत थांबा."

"आणि हरिणी नाही आली तर?"

"येईल."

"नाही आली तर तुझ्यावर येईल, सांगून ठेवतो."

"चालेल."

चौथ्या वळणावर बाई गोंधळली. इथेच होतं, नाही, त्या दगडापाशी. वनरक्षकेनं वाकून गवत पाहिलं. ताटलीएवढा खळगा अजून दबलेला होता. तिनं पाडस त्यात ठेवलं. त्यानं पाय मुडपले, मान जमिनीला लावली. दोन पावलं मागे येईतो दिसेनासं झालं.

मग तिघंही समोरच्या उतारावर, खडकाआड, वारा तोंडावर घेऊन बसले.

"आता आपल्या हातांचा वास लागला ना त्याला? आई टाकेल?"

"वासानं नाही टाकत. माणसं उभी दिसली की येत नाही. म्हणून खाली बसा."

थोड्या वेळानं बाई पुन्हा कुजबुजली, "पण इतकुशा लेकराला टाकून कोणती आई जाते हो?"

"जिला अक्कल आहे ती. पाडसाला वास जवळजवळ नसतो, तिला असतो. ती शेजारी बसून राहिली तर बिबट्या तिच्या वासावर पाडसापर्यंत येईल. शिवाय चरली नाही तर दूध कुठून येणार?"

"तरीपण. मला नसतं जमलं बाई."

वनरक्षकेनं दुर्बीण डोळ्यांना लावली.

सावली उतार चढत वर आली. साहेबांनी दोनदा विचारलं, "काय झालं?" दुसऱ्यांदा तिनं वॉकीटॉकीचा आवाजच बंद केला. शिखरावर बोटभर ऊन उरलं होतं, तेव्हा झुडपाच्या कडेला दोन कान हलले.

हरिणी सरळ आली नाही. थांबली, पाय आपटला, लांबचा वळसा घेतला. मग घशातल्या घशात काहीतरी म्हणाली, आणि गवतातून पाडस उठलं. त्यानं आचळाला ढुशी मारली. शेपूट थडथड हलू लागली.

नवऱ्याचा हात मोबाईलकडे गेला. वनरक्षकेनं न बघताच तो दाबून धरला.

बाईचे डोळे भरून आले होते. काहीतरी बोलायला ती वळली. वनरक्षकेच्या खाकी शर्टावर, छातीपाशी, दोन ओले गोल डाग पसरत होते.

"किती महिन्यांचं?" बाईनं हळूच विचारलं.

"पाच." दुर्बीण खाली आली नाही. "त्याचं पिऊन होऊ दे. मग निघते."