एकच बाटली

बशीतल्या पेशी कार्तिकीच्या नाहीत, असं अहवालात लिहिलं होतं. संपदाने तो तिसऱ्यांदा वाचला.

नऊ वर्षांच्या कार्तिकीला खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. तिच्या आतड्याचा तीळभर तुकडा प्रयोगशाळेत आला. संपदाने त्यातून पेशी वाढवल्या आणि एकेक औषध घालून पाहिलं. अकरा वाया गेली. बाराव्याने पेशी तरारल्या, तेव्हा कार्तिकीच्या वडिलांना फोन संपदानेच केला होता. ते औषध सुरू होऊन महिना झाला तरी पोरीला गुण येईना, म्हणून संपदाने पेशींची ओळख तपासून घेतली.

शेजारीच जुन्या पेशींची बशी असायची, काहीही घातलं तरी वाढणाऱ्या चिवट पेशींची. एका घाईच्या दुपारी तिने दोन्ही बशांना एकाच बाटलीतून, एकाच नळीने खाद्य घातलं होतं. त्यातूनच एखादी चिवट पेशी इकडे येऊन फोफावली असणार. कार्तिकीच्या पेशी केव्हाच संपल्या होत्या.

कार्तिकीचे वडील चपला दाराबाहेर काढून आत आले.

"मॅडम, पुन्हा तुकडा काढायचा तर पोरीला झेपणार नाही म्हणतात डॉक्टर. पण आधीचा तुमच्याकडं आहेच की."

संपदा बोलणार, तोवर त्यांनी बशीवरच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलाही होता. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"केवढ्या भरल्यात," ते हळूच म्हणाले. "आता जाऊन सांगतो तिला. तिकडं तू बाळसं धरलंस म्हणून."

संपदाने अहवाल पालथा ठेवला.