सुटलेला हात

कमलताई मयेकर साक्षीच्या खुर्चीतून उठल्या, तशी विश्राम तोडणकरने मान खाली घातली. त्या खुर्चीत बसलं की पोलीस गाडी चालवणाऱ्याच्या मनातले अपघाताआधीचे दहा सेकंद जसेच्या तसे जगता येत. ज्यांचं माणूस गेलं, त्यांचा तो आता कायद्याने हक्कच होता. शेजारी फौजदार उभे होते.

विश्राम पोटासाठी शिंपीकाम करायचा. होमगार्डची वर्दी मात्र हौसेने घातलेली. सहा दिवसांच्या प्रशिक्षणानंतर त्याच्या हाती पोलीस जीपची चावी आली. दुसऱ्याच दिवशी वळणावर मारुतीचं देऊळ दिसलं आणि सवयीने त्याचा एक हात स्टिअरिंगवरून सुटून छातीशी गेला. नेमकी तेव्हाच कमलताईंच्या नवऱ्याची सायकल समोर आली.

"देवाकडे काय मागत होतात, ते ऐकलं मी," कमलताई म्हणाल्या. "आज माझ्या हातून कुणाला इजा होऊ देऊ नकोस, असं."

विश्रामने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"वर्षभर तुम्हाला शिव्या देऊन दिवस काढले हो मी. आता ते तरी कसं करू?" त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या फौजदारांकडे वळल्या. "साहेब, यांना शिक्षा व्हायची ती होऊ दे. पण यापुढे कुणाच्याही हाती चावी द्यायच्या आधी त्याला या खुर्चीत बसवा."

फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"आधी मीच बसतो, ताई," ते म्हणाले. "यांना चावी मी दिली होती."