साखरेची चौकशी

लेक परगावी संशोधन करायची. फोनवर "जेवलीस का?", "गोळ्या घेतल्यात का?" एवढं झालं की बापलेकीचं बोलणं आटपायचं. आज मात्र बेकरीवाल्या बाबांनी भट्टीशेजारी बसून फोनवर विचारलं, "अगं, डीएनएत साखर असते म्हणे?"

लेक एकदम खुलली. साखर आणि फॉस्फेटची लांबच लांब माळ, प्रत्येक साखरेला लागलेला एकेक बेस, सगळं तिनं रंगून सांगितलं.

"डोक्यावरून गेलं गं. पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. "आणि बेसच्या जोड्या ठरलेल्या असतात. अ‍ॅडेनिनसमोर नेहमी..."

"थायमिन," बाबा बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"थायमिनचं नाव मी अजून घेतलंच नव्हतं, बाबा."

बाबांनी उगाच भट्टीत डोकावून पाहिलं.

"बरं," ती हळूच म्हणाली, "आता तिसऱ्यांदा सांगते. सावकाश सांगते."