एक कोरा रकाना

डेरिकनं फॉर्म परत दिला. 'कामावरचा तुमचा जवळचा मित्र' या प्रश्नापुढचा रकाना कोरा होता.

"कोणीच नाही, अंकल?" ज्ञानदानं विचारलं.

"कोन नाय," डेरिक म्हणाला आणि मशीनकडे वळला.

वसई पूर्वेच्या त्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनतात. त्रेचाळीस माणसं. मुंबईच्या हेड ऑफिसनं असं शोधून काढलं होतं, की मित्र असलेला माणूस झाकणं जास्त बनवतो आणि आजारी कमी पडतो. तेव्हा महिनाअखेरपर्यंत मैत्री शंभर टक्के झाली पाहिजे, असा हुकूम निघाला. नाही झाली, तर पाच महिन्यांपूर्वी एचआरला लागलेल्या ज्ञानदाची नोकरी पक्की होणार नव्हती. बेचाळीस जणांना मित्र होते. घोडं अडलं होतं डेरिकपाशी.

तिनं स्टोअरमधला टोनी सुचवला.

"तो जेवताना लय बोलतो."

पॅकिंगची एलिना सुचवली.

"ती बोलतच नाय."

शेवटी, या माणसाला नेमका कसा मित्र लागतो ते पाहायला ज्ञानदा स्वतःच डबा घेऊन त्याच्या टेबलावर जाऊन बसली. तिथे टोनी होता. एलिनाही होती, आणि ती एकदा सुरू झाली की थांबत नव्हती. पहिल्या दिवशी ज्ञानदानं वहीत नोंदी केल्या. चौथ्या दिवशी वही केबिनमध्येच राहिली. दुसऱ्या आठवड्यात एलिनानं तिच्या मेथीच्या भाजीवर हक्क सांगितला. तिसऱ्या आठवड्यात टोनीनं मासळीवालीशी घासाघीस करणाऱ्या आपल्या मेव्हण्याची नक्कल केली, तेव्हा ज्ञानदाच्या नाकातून ताक आलं. डेरिक शांतपणे सुका बोंबील खात राहिला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिनं फॉर्म त्याच्यापुढे ठेवला. "अंकल, आता तरी कोणाचं नाव लिहा. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

डेरिकनं क्षणात लिहिलं : टोनी.

"पण तो जेवताना बोलतो ना?"

"सत्तावीस वर्षं बोलतोय. माझ्या पोरीला बाप्तिस्म्याला त्यानंच धरलेलं."

"मग हा रकाना महिनाभर कोरा का ठेवलात?"

डेरिकनं पेनाला टोपण लावलं.

"तुम्ही केबिनमध्ये दार लावून एकट्याच जेवायच्या, मॅडम. बोलवलं की काम आहे म्हनायच्या. मग आम्ही सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, फॉर्म कोरा कोन देनार. माझं नाव निघालं."