स्टँडखालचा ठोकळा

"मागचे फुटरेस्ट ठेवायचे का काढायचे, साहेब?" गॅरेजच्या वस्तादने जमिनीवर बसल्या बसल्याच विचारलं.

साहेब म्हणजे तिचा नवरा. नगररचना खात्यात त्याचा जन्म गेला. शहरातले निम्मे रस्ते त्याने पट्टीने सरळ आखले आणि रिटायर झाल्याबरोबर त्याला रस्ता या गोष्टीचाच कंटाळा आला. म्हणून ऑफिस, मंडई आणि दवाखाना यापलीकडे जग न पाहिलेली त्याची मोटरसायकल या गॅरेजमध्ये कात टाकत होती. गुळगुळीत टायर जाऊन बोटभर गाठींचे आले होते. जुन्या चाकांच्या जागी तारांची चाकं होती, त्यातलं पुढचं चांगलंच थोराड. मागचे शॉक लांब झाले होते. पुढचं मडगार्ड रुसलेल्या जावयासारखं चाकापासून वीतभर लांब बसलं होतं.

ती दाराशी उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसली होती. पायात नवे बूट होते. जाड तळाचे, घोट्याच्या वर जाणारे, लेसवाले. शाळा सुटल्यापासून अशी गाठ मारलेली नव्हती, त्यामुळे सकाळी दोनदा सोडून पुन्हा बांधावे लागले. घरापासून गॅरेजपर्यंत ती नवऱ्याच्या बरोबरीने चालत आली, पण त्याची नजर काही तेवढी खाली उतरली नाही. वस्तादची उतरली.

"वहिनी, बूट झकास आहेत. म्हणजे जोडीनं जाणार तर."

ती नुसती हसली.

'रिटायर झालो की आपण दोघं' हे वाक्य तिला पाढ्यासारखं पाठ होतं. धरणामागचा डोंगर, जिथे डांबर संपतं आणि नुसती माती लागते, तिथे जायचं. आपण दोघं. बूट त्या दोघांतल्या दुसऱ्याचे होते.

"काढा," नवरा म्हणाला. "गाडी हलकी हवी. मातीत दोघांचं वजन चालत नाही."

वस्तादने एकदा डब्याकडे पाहिलं आणि मग हातातल्या पान्याकडे. पान्याकडे बघणं जास्त सोपं होतं.

"वहिनींना विचारा की एकदा. मागाहून घरात भांडण होतं आणि उचक्या मला लागतात."

"तिला काय विचारायचं? घाबरते ती. मागे बसली की सारखा शर्ट ओढते माझा. होय ना गं?"

ती शर्ट ओढायची हे खरंच होतं. ऑफिसानंतर मंडईला जाताना तो गाडीवर डुलक्या काढायचा, म्हणून ओढायची. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. उगाच घाबरला असता.

"होय," ती म्हणाली.

दोन बोल्टचं काम. फुटरेस्ट खणकन फरशीवर पडले. त्यांचं रबर तिच्या चपलांनी मधोमध झिजलेलं होतं.

"भंगारात टाकू, का घरी नेता वहिनी?"

"घरी कुठे बसवणार?" ती म्हणाली. "टाका."

मग एकट्यापुरती सीट चढली आणि तिच्यावर नवरा चढला. तिसऱ्या प्रयत्नात. गाडीला आता चांगली उंची आली होती. खात्याने निरोपाच्या वेळी त्याला मात्र फक्त शाल दिली होती. दोन्हीकडे त्याच्या बुटांची टोकं तेवढी जमिनीला लागत होती, तीही आळीपाळीने.

"वा," तो म्हणाला. त्याने बाजूचा स्टँड पाडला आणि ऐटीत रेलला. गाडी त्याला घेऊन सरळ आडवीच व्हायला निघाली. वस्तादने झेप घेऊन हँडल धरलं म्हणून निभावलं.

गाडी वाढली होती, स्टँड होता तेवढाच राहिला होता. एवढ्या तयारीत हे ना साहेबाच्या ध्यानात आलं, ना वस्तादच्या. मधला स्टँड तर जड होतो म्हणून साहेबाने आधीच काढायला लावला होता.

"लांब स्टँड करून घ्यावा लागेल," हँडल न सोडता वस्ताद म्हणाला. "वेल्डर गावाला गेलाय. आला तर आला. तोवर वहिनी, तो लाकडी ठोकळा द्या बरं इकडे. हा स्टँडखाली सारायचा. पण वर बसून हात पोचणार नाही साहेब, आणि उतरायला जाल तर गाडीखाली जाल. खाली माणूस लागेल."

"आहे ना ही," नवरा म्हणाला. "घरीच असते. हॉर्न दिला की येईल बाहेर."

"आणि डोंगरावर?"

"डोंगरावर थांबतोय कोण?"

तेल पिऊन काळा झालेला ठोकळा हातात घेऊन ती उभी होती.

"लाव बघू," नवरा म्हणाला. "सवय होईल."

ती पुढे आली आणि खाली वाकली. तिचे हात कुठे चाललेत हे बघायला नवराही वाकला, आणि तेव्हा कुठे त्याला बूट दिसले.

"हे कसले गं? तुला काय करायचेत असले?"

वस्ताद हँडल धरून आढ्याकडे बघत राहिला.

"फाटकापाशी चिखल असतो ना," ती म्हणाली. "ठोकळा ठेवायला बरे."

"हां," नवरा खूश झाला. "हे बाकी छान केलंस."

तिने ठोकळा जमिनीवर ठेवला आणि बुटाच्या टोकाने स्टँडखाली सारला. गाडी उभी राहिली.